ऊसपट्ट्यात देशी वाण जपल्याने घरचा आहार आणि उत्पन्न खरोखर सुधारते का?

आपला प्रश्न असा आहे की, भुदरगड तालुक्यात आपला थोडा बागायती ऊस आणि डोंगरउताराला काही वरकस (हलकी, कोरडवाहू) जमीन आहे, गावात देशी बियाणे जपण्याविषयी बैठक झाली, आणि त्यातून कुटुंबाचे पोषण सुधारते व चार पैसे मिळतात हे खरे की केवळ भाषणापुरते, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी कृषी पदवीधर असून आजरा-राधानगरी भागातील बचत गटांबरोबर काम करतो. दोन्ही गोष्टी होऊ शकतात, पण नुसते बियाणे गाडग्यात राखून होत नाहीत. वाण घरच्या चुलीवर शिजला आणि त्याला गिरण व गिऱ्हाईक मिळाले, तरच तो शेतात टिकतो, असा माझा अनुभव आहे.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. ऊस मोडून नाचणी लावा, असे कोणी सांगत असेल तर ऐकू नका. उसाला कारखाना आहे, सोसायटीचे कर्ज आहे, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत बिल देण्याचे बंधन आहे. ते कितपत पाळले जाते हा निराळा विषय. नाचणीचे नाव केंद्राच्या हमीभावाच्या यादीत आहे (२०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये, तर साध्या भाताला २,३६९ रुपये), पण वरी आणि राळा ही बारीक धान्ये त्या यादीतही नाहीत. त्यामुळे विचार करायचा तो वरकस तुकड्याचा, बांधाचा आणि परड्याचा.

पोषणाच्या दृष्टीने सर्वांत खात्रीचे पीक नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम दहाच्या आसपास. लोहही पांढऱ्या तांदळाच्या कितीतरी पट. मात्र नाचणीतील काही घटक लोह शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणतात, आणि मोड आणल्याने किंवा आंबवल्याने तो अडथळा कमी होतो. आपल्याकडची आंबील म्हणूनच शहाणपणाचा पदार्थ आहे. तिच्या जोडीला हुलग्याचे (कुळथाचे) माडगे आणि बांधावरचा पावटा किंवा घेवडा असला, तर प्रथिनांची बाजूही सावरते. पण हे सारे ताटात आले तर. नाचणी पेरून सगळी विकायची आणि त्या पैशांत बिस्किटांचे पुडे आणायचे, असेही मी पाहिले आहे. त्या घरात जैवविविधता वाढली, पोषण नाही.

आता कांडणाविषयी, म्हणजे दाण्याचे साल काढण्याविषयी, थोडे सविस्तर लिहितो, कारण बैठकांमध्ये हा मुद्दा सहसा येत नाही. नाचणी मळली, चोळून पाखडली की थेट जात्यावर किंवा पिठाच्या गिरणीत जाते. वरी आणि राळ्याचे तसे नाही. त्यांच्या दाण्याला घट्ट, गुळगुळीत साल असते. भाताच्या गिरणीत तो बारीक गोल दाणा एक तर सालासकट निसटतो, नाही तर त्याचा चुरा होतो. मग उरते उखळ-मुसळ: कांडायचे, सुपाने पाखडायचे, उरलेला सालाचा दाणा पुन्हा उखळात टाकायचा, आणि हे सगळे करायचे बाईने, शेतातून आल्यावर. सासूने वर्षानुवर्षे पेरलेली वरी सुनेने बंद केली, यात सुनेचा काडीमात्र दोष नाही. आज आपण एकादशीला नाशिककडच्या गिरण्यांतून आलेली वरी दुकानातून विकत घेतो आणि आपल्याच डोंगरावरची वरी मात्र हरवते. म्हणून बचत गटाने बियाण्यांच्या प्रदर्शनाआधी बारीक धान्याचे साल काढणारे छोटे यंत्र घ्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

उत्पन्नासाठी आपल्या जिल्ह्यातले जवळचे उदाहरण आजरा घनसाळचे आहे. या सुवासिक भाताला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते, पण विक्री आपणच करावी लागते. घनसाळ उंच वाढतो, युरिया जास्त झाला की लोळतो, आणि त्याचा उतारा (एकरी उत्पादन) संकरित किंवा सुधारित भातापेक्षा कमी पडतो. ती तूट दराने भरून निघाली तरच तो परवडतो. साठवणीत तांदळाचा वास हळूहळू उतरतो, त्यामुळे सुगीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत कोल्हापूर शहरातील ओळखीच्या घरांना थेट तांदूळ देणे व्यापाऱ्याला घालण्यापेक्षा फायद्याचे ठरते. आपले शिवार भुदरगडचे असल्याने आजऱ्याच्या नावाने विक्री करू नका. जोंधळी जिरगा हा सुवासिक भात किंवा गावात जो जुना वाण उरला असेल, तो त्याच्याच नावाने विका.

जोखमीचा भागही विचारात घ्या. २००२ साली सांगली-कोल्हापूर पट्ट्यात उसावर पांढरा लोकरी मावा ही कीड पडली, तेव्हा पानांची खालची बाजू चुना फासल्यासारखी झाली होती आणि माव्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढून शेते काळवंडली होती. फवारण्यांपेक्षा त्याला आवर घातला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी. सगळे शिवार एकाच पिकाखाली असले की अशा वेळी घरात दुसरे धान्यही नसते. वरकस तुकड्याचा उपयोग तिथे होतो.

बियाणे शुद्ध राखणे वाटते तितके अवघड नाही. भात आणि नाचणी ही मुख्यतः स्वपरागित (स्वतःच्याच परागाने दाणा धरणारी) पिके आहेत, त्यामुळे दोन वाणांत तीन मीटर अंतर पुरते. मका, दोडका, भोपळा यांचे परागीभवन मात्र वाऱ्याने किंवा मधमाश्यांसारख्या कीटकांनी होते. शेजाऱ्याने दुसरा वाण लावला असेल तर भेसळ होणारच. भात पोटरीतून बाहेर पडल्यावर वेगळी दिसणारी झाडे उपटून टाका, कापणीआधी शेताच्या मधल्या भागातील भरदार लोंब्या निवडून स्वतंत्र मळा, आणि दाणा दाताखाली कटकन तुटेपर्यंत वाळवून राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात ठेवा. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहावेत. भाताचे ऐंशी आणि नाचणीचे पंचाहत्तर उगवले तर बियाणे चांगले.

कायद्याची भीती बाळगू नका. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. जुना वाण शेतकऱ्याच्या नावावर नोंदवताही येतो. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. त्यात आपल्या वाणाचे नाव, तो कोणत्या शिवारात होतो आणि कोणाच्या घरी बियाणे आहे, हे लिहून घ्या. नाचणीचे सुधारित बियाणे हवे असल्यास कोल्हापुरातील शेंडा पार्क येथील कृषी संशोधन केंद्रात चौकशी करावी. देशी वाणाच्या शेजारी एक वाफा सुधारित वाणाचा लावून दोन्हींचा उतारा आणि भाकरी घरच्यांनी ताडून पाहावी. या खरिपात दोन-तीन गुंठ्यांपेक्षा जास्त क्षेत्र घेऊ नका.