कपाटात ठेवायच्या सुगंधी पिशव्या घरीच शिवायच्या आहेत. कापड कोणतं घेऊ आणि वास किती दिवस टिकतो?

सुती घ्या. घट्ट विणीचं, आणि आधी धुऊन खळ काढलेलं. जाळी किंवा ऑर्गंझा, म्हणजे ते पातळ, जाळीदार कापड, अजिबात नको. इतकं ठासून सांगतेय, कारण याच विषयावर माझं आणि मोठ्या जाऊबाईंचं वाजलंय, आणि ते अजून मिटलेलं नाही.

घरातल्या सगळ्या कपाटांसाठी पिशव्या करायच्या ठरल्या. मी एका जुन्या, मऊ झालेल्या चादरीचे चौकोन कापायला घेतले, तर जाऊबाई म्हणाल्या, "चिंध्या कसल्या ठेवतेस कपाटात? जरा दिसायला नको का?" त्यांनी नाडीवाल्या ऑर्गंझाच्या तयार पिशव्या आणल्या, आत तांदूळ भरले आणि वरून लॅव्हेंडरचं तेल ओतलं. माझे कोपरे कापून होईतो त्यांचं काम संपलं होतं. वर मलाच विचारलं, "पिशवी शिवतेस की पर्स?"

सुरुवातीला त्यांचा वास घरभर. माझ्या पिशवीशी नाक न्यावं लागायचं. भरपूर कौतुक झालं त्यांचं. पण तेल जाळीतून उडतंही झपाट्यानं, आणि उडत नाही ते खालच्या कापडात उतरतं. त्यांच्या ठेवणीतल्या रेशमी कपड्यावर पिवळट डाग पडला तो धुऊनही गेला नाही. पुढे तांदळात सोंडे झाले आणि जाळीतून बाहेर येऊन कपाटभर फिरले.

जाऊबाई आजही म्हणतात, दोष तेलाचा, कापडाचा नाही. अहो, पण तेल लागलं कशाला? जाळीत सुकी फुलं भरली की भुगा गळतो, म्हणून तांदूळ आले, आणि तांदळाला वास नाही म्हणून तेल आलं. कापड चुकलं की पुढचं सगळं चुकत जातं. हे मी त्यांना कितीदा सांगितलं, आता तुम्हाला सांगतेय.

शिवायचं म्हणाल तर 12 सेंमीचे दोन चौकोन, सुलट बाजू आत, 1 सेंमी माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं कापड. टाका बारीक, 2 मिमीचा. लांब टाक्यांतून पूड झिरपते. हातानं शिवणार असाल तर धावदोरा नको, हातटीप घाला, म्हणजे दर टाक्याला सुई मागे घेऊन. एका बाजूला चारेक सेंमी तोंड ठेवा, कोपरे तिरके छाटा, पिशवी उलटवा आणि कागदाच्या नरसाळ्यानं भरा. दोन तृतीयांशच भरायची. पिशवी बोटांनी चुरडता आली पाहिजे, कारण वास कळ्यांमधल्या तेलात असतो आणि चुरडल्याशिवाय तो नीट सुटत नाही. ठासून भरलेली पिशवी म्हणजे नुसती उशी. तोंड शेवटी हातानं, टाके आत लपतील असं शिवा.

आत लॅव्हेंडरच्या पूर्ण सुकलेल्या कळ्या. जरा ओल राहिली की बुरशी. सोबत लवंगा आणि वाळ्याचे तुकडे घाला. वाळ्यातलं तेल जड, ते सावकाश उडतं. ऑरिसची पूड, म्हणजे आयरिसच्या सुकवलेल्या मुळाची, मिळाली तर चमचाभर टाका, बाकीचे वास धरून ठेवते.

वास किती टिकतो? काही महिने. कळ्या किती ताज्या, कपाट किती वेळा उघडतं, त्यावर आहे. मंदावला की चुरडा, त्यानंही भागलं नाही तर भरण बदला.

एक राहिलंच. लोकरीचे कपडे खाणाऱ्या कसरीसाठी करत असाल तर फार भरवसा ठेवू नका. भोकं उडणारा पतंग पाडत नाही, त्याच्या अळ्या पाडतात, आणि अंडी किंवा अळ्या आधीच लोकरीत असतील तर या वासानं त्या मरत नाहीत. तसे कपडे धुऊन, पूर्ण वाळवून, हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर निदान दोन आठवडे ठेवा. मगच कपाटात. आणि घरात मांजर असेल तर लॅव्हेंडरच्या तेलाची बाटली तिच्यापासून लांब, तिला ते बाधतं.