नदीपात्रातील शेकोटी आणि परवानगी

प्रश्न : थंडीत तापीच्या वाळूत कपाशीच्या काड्या पेटवून भरीत पार्टी करण्यास परवानगी लागते का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार नदीपात्र सामान्यतः शासनाच्या मालकीचे असल्याने, ते गावचेच समजून गृहीत धरू नये, तहसील कार्यालयात लेखी अर्ज करून ग्रामपंचायतीसही कळवावे. निष्काळजीपणे पेटवलेल्या आगीमुळे कोणाच्या जिवास धोका किंवा इजा संभवत असल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. यावल अभयारण्यात तर आगीचा विचारही नको. वांगी भाजून झाल्यावर निखाऱ्यांवर केवळ वाळू लोटू नये, कारण आत धग टिकते आणि अनवाणी पाय भाजतात. भरपूर पाणीच ओतावे.