डिसेंबरात ठाण्याहून भाड्याच्या कॅराव्हॅनने वाईला दोन रात्री जायचंय, चौघे आहोत. गाडीत हीटर लागेल का? आणखी काय बघावं?

हीटर नको. वाईला डिसेंबरात पहाटे पारा दहा-बारा अंशांच्या आसपास उतरतो, त्याला जाड रजई आणि पायमोजे पुरतात. शिवाय हिशोब बघा. गाडीत 12 व्होल्टची 200 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी असेल, तर ती अर्ध्याखाली उतरवायची नसते. म्हणजे हाताशी 1,200 वॉट-अवर. हजार वॉटचा ब्लोअर तासाभरात तेवढी खाऊन टाकतो, मग फ्रिज, पंप, दिवे सगळं ठप्प. इंडक्शनचंही तेच.

खरा त्रास ओलीचा. चौघांच्या श्वासातली वाफ रात्रभर थंड पत्र्यावर आणि काचांवर जमते, सकाळी गाद्यांच्या कडा दमट लागतात. छताची झडप दोन बोटं उघडी ठेवा, खालची एखादी काचही किंचित सरकवा. थंडी वाजली की लोक नेमक्या ह्याच बंद करतात! आणि उबेसाठी कोळशाची शेगडी किंवा गॅस आत पेटता ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, झोपेतला माणूस उठतच नाही. गाडी ताब्यात घेतानाच गॅसच्या रेग्युलेटर आणि नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून गळतीचे बुडबुडे येतात का ते पाहा.

रस्ता म्हणाल तर मुलुंड-ऐरोली पुलावरून ठाणे-बेलापूर रस्ता, कळंबोली, द्रुतगती मार्ग, पुणे बाह्यवळण, खंबाटकी घाट, सुरूर फाट्याला उजवीकडे. गाडीची उंची मीटरमध्ये लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. कमानी आणि उंचीरोधक दांडे उंच गाडीला नडतात. घरून निघण्याआधी, टायर गार असतानाच त्यांत हवा भरा. घाट चढून तापल्यावर आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा हवा सोडू नका. परतीला बोरघाट उतरताना खालचा गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर वजनदार गाडी उतरवली की ब्रेक तापून लागेनासे होतात.

वाईत गणपती आळीच्या बोळांत ही गाडी घालू नका. गावाबाहेर लावा आणि चालत नदीच्या घाटावर या. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत आवर्जून बघा, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगावं म्हणून ती माशाच्या आकाराची बांधली आहे. नाना फडणवीसांचा वाडा असलेलं मेणवली तीनेक किलोमीटरवर, तिथला घाट मला तरी वाईपेक्षा निवांत वाटतो. पाचगणीला जायचं असेल तर पसरणी घाटाच्या वळणांसाठी एसटी बरी.

पाण्याची टाकी घरून अर्धीच भरा, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. उरलेली वाईत भरता येते. भांड्यांचं सांडपाणी नदीकाठी सोडू नका. संडासाची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, साधारण वीस लिटरची असते, चौघांत दोन दिवसांत भरते. मुक्कामासाठी हॉटेलचं आवार ठरवताना ती फ्लशच्या संडासात रिकामी करू देतील का, आणि 15 अँपिअरचा प्लग मिळेल का, हे आधी फोनवर विचारून घ्या.