स्क्रीन काळी, पण चित्र आहे

प्रश्न : २००७ सालचा लॅपटॉप सुरू केला की स्क्रीन लालसर दिसते आणि काही सेकंदांत काळी होते. बाहेरचा मॉनिटर जोडला तर चित्र नीट येतं. स्क्रीन बदलावी का?

उत्तर : लगेच नको. अंधारात स्क्रीनवर टॉर्च तिरका धरा. पुसट चित्र दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, गेलाय तो मागचा उजेड. त्या काळातल्या बहुतेक स्क्रीनमध्ये हा उजेड देणारी सीसीएफएल नळी, म्हणजे ट्यूबलाइटसारखा बारीक दिवा, आणि तिला वीज पुरवणारा इन्व्हर्टर नावाचा छोटा सर्किट बोर्ड असतो. सुरुवातीची लालसर झाक म्हणजे बहुधा नळीच थकली आहे. मग इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. नुसता इन्व्हर्टर बदलून पैसे वाया घालवू नका. झाकण हलवल्यावर उजेड ये-जा करत असेल, तर मात्र आधी बिजागरीजवळची केबल तपासा. उघडण्यापूर्वी चार्जर आणि बॅटरी काढाच. इन्व्हर्टर चालू असताना त्यावर शेकडो व्होल्ट असतात.