आधी एक तार

गिटारवर कॉर्ड पाठ करतोयस, कर, पण जॅझ गिटारवादक मिक गुडरिकलाही ऐक. जन्म १९४५चा, २०२२मध्ये गेला. सत्तरच्या दशकात व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टनच्या ग्रुपमध्ये वाजवायचा; बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात त्याने वर्षानुवर्षं शिकवलं. जॉन स्कोफील्ड, बिल फ्रिझेल हे नावाजलेले गिटारवादक त्याचेच शिष्य. (नाव शिष्यांचंच जास्त झालं, हे मला जरा खुपतं.)

त्याचा एक धडा उचल: अख्खा स्केल (सारेगमसारखी सुरांची ओळ) एकाच तारेवर. बारीक बाजूने दुसऱ्या तारेवर सी मेजर स्केल घे. पहिल्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पट्टीवर) सी, तिसऱ्यावर डी, पाचव्यावर ई, पण एफ लगेच सहाव्यावर. ही जवळीक बोटाला तिथेच कळते, हात एकाच जागी ठेवून तारा बदलत राहिलास की लपते.

सुरुवातीला तार किरकिरेल. माझी पंधरा दिवस किरकिरत होती, घरच्यांनी माझ्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं.