मुलुंडहून व्हँकुवरला जाताना: डोंगर किती जवळ?

जानेवारीत तुम्ही मुलुंड सोडून व्हँकुवरला चाललात, ऑफिस डाउनटाउनमध्ये, बरोबर बायको आणि सहा वर्षांची लेक, सुरुवातीला गाडी नाही. एक रविवार आड सह्याद्रीत जायची सवय तिकडे टिकेल का, आणि घर कुठे बघावं, असं तुम्ही विचारलंय. मला तिकडे अकरा वर्षं झाली. सध्या आईकडे बोरिवलीला आले आहे. आज सकाळीच नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत चालून आले, त्यामुळे तुमच्या प्रश्नातली धाकधूक मला नीट कळते.

सवय टिकेल, गाडी नसली तरी टिकेल. फक्त डोंगर खिडकीतून दिसतात म्हणून ते ओळखीचे आहेत असं समजू नका.

सुरुवात स्टॅन्ली पार्कपासून करा. डाउनटाउनला लागूनच साधारण 400 हेक्टरचं जंगल आहे, 1888 पासून सगळ्यांसाठी खुलं. आपल्या बोरिवलीच्या 104 चौरस किलोमीटरपुढे ते लहानच, पण ऑफिस सुटल्यावर 19 नंबरची बस पकडून तिथे पोचता येतं. पार्काच्या कडेने सीवॉल, म्हणजे पाण्याकाठच्या भिंतीवरची पायवाट जाते, सुमारे 9 किलोमीटरची फेरी. मरीन ड्राइव्हला पाण्याच्या समोर गाड्या धावतात, इथे पाण्याच्या समोर सीडर, हेमलॉक आणि डग्लस फर उभे असतात. सायकलवाल्यांची वेगळी पट्टी आहे आणि ते एकाच दिशेने जातात, त्यामुळे लेकीचा हात धरून निवांत चालता येतं. सेकंड बीचजवळ मुलांना खेळायला जागा आहे. तिथून इंग्लिश बेपर्यंत या आणि वाळूवरच्या ओंडक्यांवर बसा.

हे पहिल्याच आठवड्यात करा, पावसात करा. आपला पाऊस चार महिने कोसळतो आणि मोकळा होतो. तिकडचा नोव्हेंबर ते मार्च बारीक, थंडगार रिपरिपत राहतो. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो. पहिल्या हिवाळ्यात मी "जरा उघडीप मिळू दे, मग जाऊ" म्हणत बसले आणि चार महिने घराबाहेर पडलेच नाही. त्या काळाइतकं एकटं मला नंतर कधीच वाटलं नाही. तुमच्या बायकोला हे आधीच सांगून ठेवा. नोकरी लागेपर्यंत दिवसभर घरात त्याच असणार.

आता उत्तरेकडचे डोंगर. डाउनटाउनच्या वॉटरफ्रंट स्टेशनहून सीबस, म्हणजे प्रवासी बोट निघते आणि बारा-एक मिनिटांत पलीकडच्या लॉन्सडेल की या धक्क्याला पोचवते. बस आणि ट्रेनचंच कार्ड तिथेही चालतं. तिथून 228 नंबरची बस लिन कॅन्यनच्या बाजूला जाते. तिथला झुलता पूल दरीवर 50 मीटर उंच आहे आणि त्याला तिकीट नाही. खालचे डोह उन्हाळ्यात फार मोहात पाडतात, पण पाणी बर्फासारखं आणि ओढ जबरदस्त. खारघरच्या पांडवकड्याला होतात तसे अपघात तिथेही झालेत.

ग्राउस ग्राइंड ही डोंगरावरची खडी वाट तुम्हाला आवडेल. अडीच किलोमीटरमध्ये 800 मीटरची चढण, सुमारे 2,500 पायऱ्या. त्या वाटेने फक्त चढायचं, उतरायला गोंडोला (दोरीवरचा पाळणा), आणि त्याचं तिकीट पडतं. हिवाळ्यात वाट बंद असते, म्हणून जूनपर्यंत धीर धरा.

माझ्यावर बेतलं ते त्याच बाजूच्या लिन हेडवॉटर्सच्या जंगलात. पहिल्या वर्षी ऑक्टोबरात दुपारी दोनला एकटीच तिथल्या नॉर्वन फॉल्स या धबधब्याकडे निघाले. जाऊन-येऊन 14 किलोमीटर, म्हटलं आपण राजमाची केलेली माणसं! परतताना उंच झाडांखाली अंधार घड्याळाच्या कितीतरी आधी झाला. टॉर्च नव्हता, मोबाइलला रेंज नव्हती. सह्याद्रीत चुकलं तरी एखादा गुराखी भेटतो, मोळी घेऊन चाललेल्या बायका भेटतात, निदान खालच्या वाडीतला कुत्रा तरी भुंकतो. तिकडे पायथ्याचं गावच नसतं. त्या शांततेची मला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. शेवटी हेड टॉर्च लावून पळत येणारी दोघं भेटली, त्यांनी मला बाहेर आणलं.

तेव्हापासून टॉर्च, एक जास्तीचा गरम कपडा आणि "अमुक वाटेने जातेय, इतक्या वाजता परतेन" असा घरी निरोप, एवढं केल्याशिवाय मी निघत नाही. अडकलात तर 911 ला लवकर फोन करा. नॉर्थ शोअर रेस्क्यूचे स्वयंसेवक शोधायला येतात आणि पैसे घेत नाहीत. बिबट्याऐवजी तिकडे काळी अस्वलं असतात. बोलत चाला, खाऊ उघडा ठेवू नका.

घराबद्दल: सरे या उपनगरात भाडं कमी, देशी दुकानं हाताशी, हे खरं. पण तिथल्या किंग जॉर्ज स्टेशनहून वॉटरफ्रंटच सुमारे 40 मिनिटं, पुढे सीबस, मग बस. लहान मुलीला घेऊन दर रविवारी हे होत नाही, मी मैत्रिणींच्या घरी पाहिलंय. परवडत असेल तर एक खोली कमी चालवून घ्या, पण लॉन्सडेलच्या आसपास बघा. ते नाहीच जमलं तर बर्नाबीत, ट्रेनच्या स्टेशनजवळ.

सॅक आणि हेड टॉर्च इथूनच न्या. पावसाचं जॅकेट आणि बूट तिकडे घ्या, तिघांचेही, आणि सोफ्याच्या आधी घ्या. जीन्स घालून ट्रेकला जायची सवय असेल तर ती मोडा, भिजलेलं सुती कापड तिकडच्या थंडीत वाळतच नाही.