शनिवार-रविवार दोनच दिवस हैदराबादला आहे. काय बघावं आणि काय खावं?

एक दिवस गोळकोंड्याला आणि एक जुन्या शहराला द्या, बाकी मोह टाळा. माझं सासर तिथलं, त्यामुळे पाहुण्यांना फिरवून हाच क्रम पक्का झालाय. गोळकोंडा सकाळी दार उघडतानाच गाठा, कारण किल्ल्याच्या माथ्यावरच्या बाला हिसारपर्यंतच्या साडेतीनशेच्या वर पायऱ्या उन्हात जीव काढतात. फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर टेकडीवर ऐकू येते, म्हणून एकाला वर पाठवा आणि एकाला खाली ठेवा! उतरल्यावर कुतुबशाही मकबरे जवळच आहेत.

रविवारी सालारजंग संग्रहालय. तिथल्या घड्याळापुढे बाराच्या आधी जागा धरा. घड्याळातला छोटा दाढीवाला पुतळा बाहेर येऊन टोले देतो आणि बाराला सर्वांत जास्त वेळ दिसतो. मग चौमहल्ला राजवाडा आणि संध्याकाळी १५९१ चा चारमिनार.

खाण्यात:
- कच्ची दम बिर्याणी (कच्चं मुरवलेलं मटण आणि भात एकत्र दमावर शिजवलेली) दुपारीच खा, रात्री जड जाते.
- इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट. डिकॉक्शन (उकळलेला कोरा चहा) आणि दूध वेगवेगळं उकळून कपात एकत्र करतात, म्हणून चव दाट लागते.
- शेवटी खुबानी का मीठा (जर्दाळूचा गोड पदार्थ), मलईसकट.

सुट्टी बदलून शुक्रवार आला तर मात्र बेत फिरवा, सालारजंग आणि चौमहल्ला दोन्ही त्या दिवशी बंद असतात. हलीमची (गहू, डाळी आणि मटण घोटून केलेला पदार्थ) खरी मजा रमजानात, पण तेव्हा चारमिनारपाशी संध्याकाळी मुंगीला वाट मिळत नाही.